कापलेल्या फळांची वही कोणाची?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञाने आपल्याच शोधावर कंपनी काढली, ही बातमी आता कोकणातही नवी राहिलेली नाही. किती लाखांचे भांडवल मिळाले ते बातमीत असते, यंत्र किती टक्के अचूक आहे तेही असते. पण कंपनी निघाल्यावर मागे संस्थेतल्या संशोधनाचे काय होते, कोणता प्रश्न हाती राहतो, कोणता बाजूला पडतो आणि प्रयोगाच्या नोंदी कोणाच्या कपाटात जातात, हे छापून येत नाही. हापूसच्या बागायतदाराला त्याच माहितीची गरज आहे. कारण प्रयोग होतात ते त्याच्या कलमांवर आणि कापली जातात ती त्याची फळे.

आधी जुनी रीत पाहू. पॅक्लोब्युट्राझॉल, ज्याला बागेत सगळे ‘कल्टार’च म्हणतात, ते झाडाची वाढ आवरून मोहोर आणणारे रसायन परदेशी कंपनीचे. पण हापूसला ते किती, केव्हा आणि कुठे द्यायचे हे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रयोग करून ठरवले आणि शिफारस म्हणून छापले. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली औषध, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळायचे आणि बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर, १० ते १२ सेंटिमीटर खोल अशा २५ ते ३० खड्ड्यांत सारखे वाटून ओतायचे. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. ८ मीटर विस्ताराच्या कलमाला २४ मिली झाले. कुणी ४० मिली घाला म्हणू लागला तर बागायतदार त्याला तिथेच अडवतो, कारण आकडा त्याच्याही खिशात आहे. मात्रा जास्त झाली की पालवी आखूड पडते, मोहोर गुच्छासारखा आखडतो. मग काय चुकले हे शोधायलाही तोच छापील आकडा उपयोगी पडतो.

अशी शिफारस बाहेर पडण्याआधी ती संयुक्त ‘ॲग्रेस्को’पुढे, म्हणजे कृषी संशोधन समितीच्या एकत्र बैठकीपुढे, जाते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ तिथे बसतात, किती ठिकाणी किती वर्षे प्रयोग केला ते विचारतात आणि समाधान झाले नाही तर ‘आणखी एक हंगाम घ्या’ म्हणून परत पाठवतात. विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायचे साधन, तोही असाच सर्वांचा झाला. त्याचा आकार आणि पात्याची जागा डोळ्यांसमोर आहे. झेला मोडला तर गावातला वेल्डर तो जोडून देतो.

या रीतीचे नुसते गोडवे गाण्यातही अर्थ नाही. अहवालात उत्तम ठरलेले यंत्र दहा वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिले, कारण त्याचा सुटा भाग बनवणारे कुणी नव्हते, असे प्रत्येक संस्थेत दिसते. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंधांवर होते. मे महिन्यात भर तोडणीत यंत्राची बॅटरी गेली तर धावून जाणे त्याच्या कामात बसत नाही. कंपनीला धावावेच लागते. म्हणून कंपन्या निघाव्यात की नाहीत हा आमचा वाद नाही. त्या निघताना संस्थेतून बरोबर काय नेतात आणि मागे काय ठेवतात, एवढाच आमचा मुद्दा आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेत १९८०च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८मध्ये राज्यसभेत आले आणि २०१४मध्ये मागे घेतले गेले. त्यामुळे सर्वांना लागू असा एक कायदा नाही. संस्थेगणिक धोरण वेगळे. उच्च शिक्षण संस्थांसाठी २०१९मध्ये आलेल्या राष्ट्रीय धोरणाने प्राध्यापकाला कंपनी काढायला मुभा दिली आणि संस्थेने जागा, सोयी व बौद्धिक संपदा दिल्याच्या बदल्यात साधारण २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असे सुचवले. हिश्शाचे आकडे असे नेमके आहेत. प्रयोगाच्या कच्च्या नोंदी कोणाकडे राहाव्यात यावर मात्र करारात बहुतेक वेळा एखादे मोघम वाक्य सापडते, तेही गोपनीयतेच्या कलमात.

शेतीत ही गोष्ट जास्त बोचते, आणि त्याला पेटंट कायदाच कारण आहे. १९७०च्या कायद्याच्या कलम ३(एच)प्रमाणे शेती किंवा बागायतीच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. कलम ३(के)प्रमाणे गणिती रीत आणि नुसता संगणक-प्रोग्राम यांवरही नाही. तत्त्व म्हणून दोन्ही कलमे आम्हाला मान्यच आहेत. पण परिणाम बघा. पेटंट घेणाऱ्याला आपला शोध तपशिलाने लिहून द्यावा लागतो. अर्ज १८ महिन्यांनी सर्वांना वाचायला खुला होतो आणि २० वर्षांनी हक्क संपतो. म्हणजे पेटंट हा निदान उघडा व्यवहार आहे. ज्याला पेटंट मिळत नाही ते राखायचे तर एकच वाट उरते: कुणाला सांगायचे नाही. गुपिताला ना १८ महिन्यांची अट, ना २० वर्षांची. शेतीतल्या नव्या कंपनीची खरी मालमत्ता म्हणूनच बऱ्याचदा आकड्यांच्या एका तक्त्यात असते, आणि तो तक्ता संस्थेच्या प्रयोगशाळेत, सरकारी पगारावर, शेतकऱ्याच्या मालावर तयार झालेला असतो.

साका म्हणजे हापूसचा गर आतल्या आत खराब होण्याचा दोष. तो ओळखणाऱ्या हातयंत्राचे उदाहरण घेऊ. असे यंत्र कुणाचे आहे, कुणी आणणार आहे, यावर हे पत्र नाही. पण कोकणात याहून जास्त गरजेचे यंत्र दुसरे नसेल. साका बाहेरून दिसत नाही. पेटी वाशीच्या घाऊक बाजारात जाते, गिऱ्हाईक आंबा कापते आणि मग नाव देवगडचे किंवा पावसचे जाते.

यंत्रात एक छोटा दिवा आणि समोर संवेदक असतो. लाल रंगाच्या टोकापासून पुढचा, साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फळाच्या गालावर पडतो, सालीतून गरात थोडा शिरतो आणि त्यातला काही परत येतो. गरातले पाणी, साखर, स्टार्च आपापल्या परीने तो शोषतात, आणि परत आलेल्या प्रकाशाचा एक आलेख मिळतो. त्या आलेखावर ‘साका’ असे लिहिलेले नसते. ते यंत्राला शिकवावे लागते, आणि शिकवायचे म्हणजे आलेख घ्यायचा आणि मग तेच फळ कापायचे. शेकडो, हजारो वेळा.

हे काम नीट करायचे तर किचकट आहे. तोडलेली फळे सावलीत ठेवून त्यांचे तापमान सारखे होऊ द्यायचे, चीक पुसायचा. दोन्ही गालांवर पेनाने वर्तुळ आखायचे आणि प्रत्येक वर्तुळात तीन-तीन वाचने घ्यायची. मग त्या वर्तुळाखालचाच गर काढून वजन करायचा, ६५ ते ७० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा वजन करायचे. पाणी गेल्यावर उरलेला हा भाग म्हणजे शुष्कांश. साक्यासाठी कोयीपर्यंत उभा काप द्यायचा आणि गर बघायचा: फिकट, भुसभुशीत, मध्ये पोकळ्या पडलेला, चवीला आंबट. श्रेणी दोघांनी वेगवेगळी द्यायची, एकमेकांचा कागद न बघता. जिथे दोघांचे जमत नाही ती फळे गाळून टाकायची नाहीत. ‘मतभेद’ असा शेरा मारून ठेवायची, कारण यंत्रही तिथेच अडखळणार असते. वहीत फळाचा क्रमांक, झाड, बाग, तारीख, तोडणीची वेळ, जमीन कातळाची की खाडीकाठची, हे सगळे यायला हवे. हीच ती वही. यंत्राचे प्लॅस्टिकचे खोके आणि त्यातले सुटे भाग बाजारात मिळतात. ही वही मिळत नाही.

वही बंद झाली की चुका कुठे दडतात तेही सांगतो. पाणी ९७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते आणि तो पट्टा तापमानाबरोबर सरकतो. वातानुकूलित खोलीत २५ अंशांच्या फळांवर शिकवलेले यंत्र दुपारी शेडमध्ये ३६ अंशांच्या फळांना लावले की वाचन हलते. दुसरी चूक याहून चोरटी. हजार फळांचे आलेख घेतले, त्यातले आठशे शिकवायला आणि दोनशे परीक्षेला, चिठ्ठ्या टाकून निवडले. निकाल सुरेख येतो, आणि तो फसवा असतो, कारण एकाच कलमाची, एकाच दिवशी उतरवलेली फळे दोन्हीकडे वाटली गेली. प्रश्नपत्रिका आधीच फुटली. परीक्षा घ्यायची तर यंत्राने कधी न पाहिलेल्या बागेची आणि न पाहिलेल्या हंगामाची फळे घ्यायला हवीत. तिसरी गोष्ट खोलीची. साका कोयीच्या बाजूने सुरू होतो आणि तिथवर हा प्रकाश नीट पोचत नाही. मग यंत्र नेमके काय ओळखते? कदाचित ते फळाची पक्वता वाचत असेल आणि त्यावरून साक्याचा अंदाज बांधत असेल, कारण झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात साका अधिक सापडतो. साध्या वर्षी हा अंदाज जुळेल. ज्या वर्षी मार्चमध्येच उष्म्याचा तडाखा बसतो आणि १४ आण्यांच्या, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडे बाकी असलेल्या, फळातही साका निघतो, त्या वर्षी तो तोंडावर आपटेल. वही उघडी असेल तर हे तिसऱ्या कुणालाही तपासता येते. ती बंद असेल तर बागायतदाराला वाशीच्या फोनवरून कळते.

वही उघडी ठेवली तर धंदा बुडतो, हे कारण पटण्यासारखे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या विद्यापीठीय संशोधकांनी आंब्याच्या शुष्कांशासाठी ४ हंगामांत घेतलेले ११,६९१ आलेख, मोजलेल्या शुष्कांशाच्या आकड्यांसह, सर्वांना खुले केले. आज नवे गणित मांडणारे बरेच संशोधक ते पहिल्या ३ हंगामांवर शिकवून चौथ्यावर तपासून दाखवतात. शुष्कांश मोजणारी हातयंत्रे त्यानंतरही विकली जातात. मात्र तो आकडा शुष्कांशाचा आहे आणि जाती तिकडच्या. हापूसच्या साक्याला त्याचा आयता उपयोग नाही. आपली वही आपल्यालाच भरावी लागणार.

आता ‘९५ टक्के अचूक’ या शब्दांकडे वळू. समजा हजार फळांत १०० साक्याची आहेत. यंत्र त्यातली ९० पकडते आणि चांगल्या ९०० फळांतल्या ५ टक्क्यांना, म्हणजे ४५ फळांना, चुकून साका म्हणते. बाजूला पडली १३५ फळे; त्यातले प्रत्येक तिसरे चांगले होते आणि ते कॅनिंगच्या भावात गेले. पुढच्या वर्षी साका कमी, हजारात २०. आता यंत्र १८ पकडते आणि ४९ चांगली फळे बाजूला काढते. यंत्र तेच, अचूकता जवळपास तीच, पण काढलेल्या ६७ फळांतली ४९ निर्दोष. उलट, हजारात १०० साक्याची फळे असताना डोळे मिटून ‘सगळी चांगली’ म्हणणारा माणूसही ९० टक्के अचूकच ठरतो! म्हणून एकच टक्केवारी सांगणाऱ्याला दोन आकडे वेगवेगळे विचारावेत: साक्याची किती सुटली आणि चांगली किती गेली. शिवाय किती फळांवर तपासले तेही. १०० फळांत एकही चूक झाली नाही म्हणजे चूक शून्य असे होत नाही. खरी चूक ३ टक्क्यांपर्यंत असू शकते. ३०० फळे निर्दोष गेली तर ती मर्यादा १ टक्क्यावर येते.

कंपनीमुळे यंत्र येईल, पण साका का होतो हा प्रश्न मागे राहील, अशी आमची खरी धास्ती आहे. जमिनीतून वर येणारी धग, कॅल्शियमची कमतरता, कोयीतल्या बीजाची अवेळी अंकुरण्याची धडपड, अशी कारणे आजवर मांडली गेली आणि त्यावर प्रयोगही झाले. झाडाखाली गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन ठेवले तर साका घटतो असे त्यांत दिसले. फळ १४ आण्यांवर उतरवा, हा सल्ला तर तोंडपाठ आहे. या दोन्ही उपायांत विकण्यासारखे काही नाही. पेंढ्याला भागभांडवल मिळत नाही. शास्त्रज्ञाचा वेळ, संस्थेचा ओव्हन आणि पीएच.डी.चा विद्यार्थी हे तिन्ही यंत्राकडे वळले, तर आच्छादनाचा पाच वर्षांचा प्रयोग करणार कोण? यात कुणी लबाडी करायला लागत नाही. गुंतवणूकदार दर तिमाहीला प्रगती विचारतो आणि हापूस वर्षातून एकदाच उत्तर देतो. दीड वर्षाच्या पैशात जास्तीत जास्त दोन हंगाम बसतात, त्यातला एक अवकाळीने किंवा फुलकिडीने गेला तर एकच. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेली रत्ना १९८१मध्ये प्रसारित झाली आणि रत्ना व हापूसच्या संकरातली सिंधू १९९२मध्ये. त्या वेगाने चालणारे ज्ञान कंपनीच्या ताळेबंदात बसत नाही. ते संस्थेलाच सांभाळावे लागते, आणि त्यासाठी संस्थेत माणसे उरावी लागतात.

विद्यार्थ्याचा प्रश्नही इथेच येतो. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोष’ या ऑनलाइन संग्रहात वाचायला मिळतात, ही मोठी सोय आहे. मार्गदर्शकाची कंपनी असेल तर प्रबंधातले निम्मे तक्ते ‘गोपनीय’ होतात, आणि न जमलेला प्रयोग तर मुळात लिहिलाच जात नाही. शेतकरी मेळाव्यातही मार्गदर्शक जपून बोलतो. पेटंटच्या अर्जाआधी तपशील सांगितला तर नवेपणा जाण्याची भीती असते, आणि कायद्यातली १२ महिन्यांची सवलत ठरावीक प्रसंगांपुरतीच आहे.

उलट बाजूही मांडली पाहिजे. यंत्र बागेत गेले की जे कळते ते प्रयोगशाळेत कधी कळले नसते. चिकाने काच धूसर होते, पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते, गडी घाईत फळाच्या देठाशी यंत्र टेकवतो, काळ्या डागावर वाचन भलतेच येते. कंपनीची तक्रारवही म्हणजे एका हंगामात लाखभर फळांचा प्रयोग. संस्थेला एवढी फळे कधी मिळणार नाहीत. पण ती वही दुरुस्ती विभागात राहते आणि संशोधकापर्यंत येत नाही. आली तर पुढचे यंत्र सुधारेलच, शिवाय कोणत्या गावात, कोणत्या जमिनीवर, कोणत्या आठवड्यात साका वाढला याचा नकाशा आपोआप तयार होईल. म्हणजे बाजूला पडलेल्या त्या मूळ प्रश्नालाही हात घालता येईल.

आमचे म्हणणे असे. संस्थेने कंपनीला परवाना देताना आलेख आणि कापलेल्या फळांच्या नोंदी यांची एक पूर्ण प्रत संस्थेतच ठेवावी आणि दोन हंगामांनी ती खुली करावी. दोन हंगामांची आघाडी धंद्याला पुरे आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये कंपनीत हिस्सा नसलेल्या केंद्राने, उदाहरणार्थ वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, निदान पाच वेगळ्या बागांची ५०० फळे घेऊन यंत्र तपासावे आणि निकाल, वाईट असला तरी, वर सांगितलेल्या दोन आकड्यांत छापावा. ज्याचा कंपनीत हिस्सा आहे त्याने त्या यंत्राच्या शिफारशीवर चर्चा चालू असताना ॲग्रेस्कोत बसू नये. बाहेर चहा घ्यावा. बागेचे ठिकाण, फवारण्यांची नोंद आणि उतारा ही बागायतदाराची माहिती आहे. ती कोणाला दिली जाईल हे मराठीत, एका पानावर लिहून द्यावे आणि मगच सही घ्यावी. इंग्रजी करारपत्राच्या चौदाव्या पानावर घेतलेली सही आम्ही संमती मानत नाही.

यातली कुठलीच अट जगावेगळी नाही. संस्था सार्वजनिक आहेत आणि परवान्याच्या करारावर सही त्यांचीच असते, तेव्हा अटी घालणेही त्यांच्याच हातात आहे. मोहोर फुटण्याच्या आत, म्हणजे येत्या डिसेंबरपूर्वी, या अटी करारात आल्या तर त्याच हंगामाची फळे वहीत धरता येतील. आणि हो, चाचणीसाठी कापलेल्या फळांचा भाव पेटीचा लावावा, कॅनिंगचा नव्हे.

आपले,
फलोत्पादन संशोधन व बागायतीशी संबंधित काही वाचक,
रत्नागिरी